अंधुक नजरेला दिसेल असा पट

बैठ्या खेळांतून माणसे बाहेर पडतात ती बहुधा तक्रार न करता. वर्षानुवर्षे दुपारच्या रमीला बसणाऱ्या आजींना एके दिवशी इस्पिक आणि किलवर वेगळे ओळखू येईनासे होतात. आधी त्या दिवा लावायला सांगतात, मग पान डोळ्यांजवळ नेऊन तिरपे करून पाहतात आणि काही दिवसांनी 'तुम्ही खेळा, मी बघत बसते' असे म्हणून बाजूला होतात. घरच्यांची समजूत होते की वयामुळे त्यांचा रस संपला. फाशावरचे ठिपके मोजण्यासाठी प्रत्येक वेळी वाकावे लागणारा शाळकरी मुलगाही, सवंगडी हसू लागले की, 'मला ल्यूडो आवडतच नाही' असे सांगून मोकळा होतो. दोन्ही ठिकाणी आटलेली असते ती आवड नव्हे. पटावरची माहिती खेळणाऱ्यापर्यंत पोहोचण्याची वाट तेवढी बंद झालेली असते, आणि ती बऱ्याच अंशी पुन्हा खुली करता येते.

'अल्पदृष्टी' ही अंधत्वाहून वेगळी अवस्था आहे, हे प्रथम लक्षात घ्यावयास हवे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील व्याख्येनुसार, शक्य तितकी सुधारणा करूनही दोहोंपैकी चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल, अथवा दृष्टिक्षेत्र ४० अंशांपेक्षा कमी आणि १० अंशांपर्यंत आक्रसले असेल, तर ती अल्पदृष्टी होय. ६/१८ याचा अर्थ असा, की निरोगी डोळ्याला जे अक्षर १८ मीटरवरून वाचता येते ते वाचण्यासाठी या व्यक्तीला ६ मीटरपर्यंत जवळ जावे लागते. म्हणजे दिसते, परंतु अपुरे दिसते. जगभरात किमान २२० कोटी लोकांना जवळचे वा दूरचे पाहण्यात काही ना काही बाधा आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९च्या अहवालात नमूद केले. त्यांतील फार मोठ्या संख्येची अडचण योग्य चष्म्याने किंवा मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेने दूर होऊ शकते. तेव्हा पट बदलण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडे जाणे हा क्रम चुकता कामा नये. चष्मा आणि शस्त्रक्रिया यांनंतरही जे अंधुक राहते, त्याच्यासाठी पुढचे उपाय आहेत.

या मधल्या अवस्थेची अडचण अशी, की बाजारातील बहुतेक खेळ डोळसांसाठी असतात आणि उरलेले थोडे अंधांसाठी. ब्रेल ठिपके असलेले पत्ते मिळतात. अमेरिकेतील मॅटेल कंपनीने तेथील राष्ट्रीय अंध महासंघाच्या सहकार्याने २०१९मध्ये 'उनो' या खेळाची ब्रेल आवृत्ती काढली, तेव्हा तिचे स्वागत झाले आणि ते योग्यच होते. तथापि साठीनंतर ज्यांची नजर अधू झाली, त्यांना ब्रेल वाचता येत नसते आणि त्या वयात बोटांना ते वळण लावणेही सोपे नसते. त्यांच्या हातातील पत्त्यावरचे ब्रेल ठिपके हे त्यांच्या दृष्टीने निव्वळ खडबडीत टोक. अशा खेळाडूची उरलेली दृष्टी हेच त्याचे भांडवल असते. ते वापरू देणारा आणि जेथे ते अपुरे पडेल तेथे स्पर्शाचा व कानाचा आधार देणारा पट त्याला हवा असतो.

मोठे म्हणजे चांगले नव्हे

अल्पदृष्टी म्हटले की सर्वांना प्रथम सुचते ते आकार वाढवणे. पण प्रत्येक डोळ्याचा आजार दृष्टीचा निराळा भाग हिरावून घेतो. उतारवयात होणाऱ्या मॅक्युलाच्या ऱ्हासात नजरेच्या ऐन मध्यभागी डाग पडतो. ज्याकडे पाहावे तेच दिसत नाही, आजूबाजूचे दिसते. अशा व्यक्तीला मोठे अंक, मोठी मोहरी यांचा खरोखर उपयोग होतो. काचबिंदू किंवा रेटिनायटिस पिग्मेंटोसा या विकारांत मात्र कडा जातात आणि नळीतून पाहावे तसा मधला तुकडा शिल्लक राहतो. येथे साधे गणित करून पाहण्यासारखे आहे. ४० सेंटिमीटर अंतरावरून १० अंशांच्या दृष्टिक्षेत्रात सुमारे ७ सेंटिमीटर रुंदीची जागा मावते. स्पर्धेच्या बुद्धिबळ पटावरील एक घर ५ ते ६ सेंटिमीटरचे असते. म्हणजे या खेळाडूला एका वेळी जेमतेम एक घर दिसणार आणि ६४ घरांचा डाव त्याला तुकड्यातुकड्यांनी डोक्यात जुळवावा लागणार. त्याच्या हाती प्रवासात वापरतात तसा अडीच सेंटिमीटर घरांचा छोटा पट दिला, तर त्याच खिडकीत जवळजवळ तीन घरे येतात. प्रेमाने आणलेला भला थोरला पट त्याची अडचण वाढवणारा ठरतो.

ज्यांना मोठे हवे असते त्यांच्यासाठीही छपाई मोठी करणे हा एकमेव मार्ग नाही. वस्तू निम्म्या अंतरावर आणली की डोळ्याच्या पडद्यावरील तिची प्रतिमा दुप्पट होते. त्यामुळे पट उचलून तोंडाजवळ नेता आला पाहिजे आणि उचलताना सोंगट्या घरंगळता कामा नयेत. लोहचुंबकी किंवा खुंटीची मोहरी उपयोगी पडतात ती प्रामुख्याने यासाठी. चाचपडताना डाव मोडत नाही, हा त्यांचा दुसरा फायदा.

आकाराहून अधिक महत्त्वाचा असतो तो रंगांचा उठाव. पांढऱ्या पटावर पिवळी सोंगटी किंवा गडद निळ्या घरात हिरवी सोंगटी कितीही मोठी केली तरी ती पार्श्वभूमीत विरघळूनच जाते. वाढत्या वयात डोळ्याचे भिंग पिवळसर होत जाते, त्यामुळे निळ्या-हिरव्यातील फरक पुसट होतो. संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली पिवळे आणि पांढरे जवळपास एकच भासते. ल्यूडोचे लाल, हिरवा, पिवळा आणि निळा हे चार रंग निवडताना हा विचार झालेला नाही, हे उघड आहे. रंग बदलता येत नसतील तर प्रत्येक सोंगटीला काळी किंवा पांढरी जाड कड द्यावी आणि रंगाच्या जोडीला आकाराचीही खूण ठेवावी. पोर्तुगालचे रचनाकार मिगेल नेव्हा यांनी तयार केलेल्या 'कलरॅड' पद्धतीत प्रत्येक रंगाला एक साधे चिन्ह असते. 'उनो'ची त्या चिन्हांची आवृत्ती २०१७मध्ये निघाली. ती रंगांधळ्यांसाठी होती, पण चिन्ह पुरेसे ठळक असेल तर अधू नजरेलाही ती कल्पना उपकारक ठरते.

प्रकाशाविषयी एक सार्वत्रिक चूक आढळते. पट टिकावा म्हणून त्याला चकचकीत लॅमिनेशन केले जाते आणि डोक्यावरच्या ट्यूबलाइटचे प्रतिबिंब नेमके मधल्या घरांवर चमकू लागते. निरोगी डोळा मान किंचित कलती करून ते टाळतो; अधू डोळ्याला तेवढ्याने साधत नाही. पटाचा पृष्ठभाग मंद हवा, आणि दिवा खेळणाऱ्याच्या चांगल्या डोळ्याच्या बाजूने, खांद्याच्या मागून, पटाजवळ आणलेला हवा. दिवा निम्म्या अंतरावर आणला की उजेड चौपट होतो; त्यासाठी अधिक वॅटचा बल्ब विकत आणण्याची गरज नसते. मात्र जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या व्यक्तींना तीव्र प्रकाशाचाच त्रास होतो, आणि त्यांच्यासाठी हाच सल्ला उलटा करावा लागतो.

बुद्धिबळाने घालून दिलेला धडा

दृष्टिबाधितांसाठी सर्वांत नेटका आणि कसोटीला उतरलेला बदल कोणत्या खेळात झाला, असे विचारले तर बुद्धिबळाचेच नाव घ्यावे लागेल. आंतरराष्ट्रीय ब्रेल बुद्धिबळ संघटना १९५१मध्ये स्थापन झाली. दृष्टिबाधितांचे पहिले ऑलिम्पियाड १९६१मध्ये जर्मनीतील मेशेडे येथे भरले. जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, म्हणजे 'फिडे'च्या नियमावलीत या खेळाडूंसाठी स्वतंत्र तरतुदी आहेत, आणि त्या वाचताना जाणवते ते त्यांचे तारतम्य. खेळाचा एकही मूळ नियम त्यांनी हलवलेला नाही. घोडा अडीच घरेच चालतो, घड्याळ चालूच राहते, मोहऱ्याला हात लावला की खेळावेच लागते. बदलले आहे ते फक्त पाहण्याचे साधन.

या पटाचा आकार किमान २० सेंटिमीटर चौरस असावा, काळी घरे किंचित उंच असावीत, प्रत्येक घरात छिद्र असावे आणि प्रत्येक मोहऱ्याच्या तळाशी त्यात बसणारी खुंटी असावी, असे नियम सांगतो. काळ्या मोहऱ्यांवर वेगळी खूण असते, बहुधा डोक्यावर एक टाचणीसारखे टोक. त्यामुळे हात फिरवताच घर काळे की पांढरे आणि मोहरे कोणाचे, हे दोन्ही कळते.

आता खरा पेच पाहा. आपण बोटांनी पाहणारा खेळाडू सतत मोहऱ्यांना हात लावणार. मग 'हात लावला तर खेळावे लागेल' या नियमाचे काय करायचे? उत्तर असे काढले गेले, की मोहरे छिद्रातून बाहेर काढले गेले तरच त्याला 'हात लावला' असे समजावे. केवढा छोटा फेरफार, पण नियमाचा हेतू शाबूत ठेवून खेळाडूला डोळसांच्या बरोबरीने बसवणारा! डोळस प्रतिस्पर्धी असेल तर दोन पट मांडले जातात. प्रत्येक खेळी मोठ्याने उच्चारायची, समोरच्याने ती परत उच्चारायची आणि आपल्या पटावर करायची. ऐकण्यात घोटाळा होऊ नये म्हणून उभ्या ओळींना अ‍ॅना, बेला, सीझर, डेव्हिड अशी नावे आहेत. इंग्रजी 'बी' आणि 'डी' यांच्या उच्चारांतला गोंधळ त्यामुळे टळतो. बोलताना जीभ घसरली तर प्रतिस्पर्ध्याचे घड्याळ सुरू होण्यापूर्वी ती दुरुस्त करता येते. घड्याळाच्या तबकडीवर दर पाच मिनिटांना एक आणि दर पंधरा मिनिटांना दोन उंच ठिपके असतात. वेळ कानात सांगणारे इलेक्ट्रॉनिक घड्याळही चालते. खेळींची नोंद ब्रेलमध्ये, हाताने लिहून किंवा ध्वनिमुद्रित करूनही ठेवता येते.

अल्पदृष्टी असलेल्यांच्या दृष्टीने या तरतुदींतील एक शब्द मोलाचा आहे. खास पट वापरण्याचा दृष्टिबाधित खेळाडूला 'हक्क' आहे, सक्ती नाही. ज्याला साधा पट पुरेसा दिसतो तो त्यावर खेळू शकतो, आणि कोणता पट आपल्याला सोयीचा हे तो स्वतः ठरवतो. दृष्टिबाधितांच्या क्रीडास्पर्धांत बी-१, बी-२ आणि बी-३ असे गट मानले जातात. त्यांपैकी बी-१ हा संपूर्ण अथवा जवळपास संपूर्ण अंधांचा. उरलेल्या दोहोंत काही दृष्टी शिल्लक असलेले खेळाडू येतात.

आपल्याकडे या खेळाला संघटित रूप आले ते अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघामुळे. १९९७मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे काम मुंबईतून उभे राहिले आणि त्यामागे स्वतः दृष्टिहीन बुद्धिबळपटू असलेल्या चारुदत्त जाधव यांचा मोठा वाटा आहे. इयान मॅक्डोनाल्ड यांच्या २०१२मधील 'अल्गोरिदम्स' या माहितीपटात जाधव आणि त्यांच्या देखरेखीखालील मुले दिसतात. त्यांपैकी बडोद्याच्या दर्पण इनानीने पुढे चीनमधील हांगझोउ येथे ऑक्टोबर २०२३मध्ये झालेल्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत बी-१ गटाचे वैयक्तिक सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारातील तिन्ही पदके भारताकडेच आली.

घरातल्या पटाचे काय?

स्पर्धेच्या बुद्धिबळामागे संघटना आहे, नियमावली आहे. घरातल्या ल्यूडोला, सापशिडीला किंवा 'व्यापारा'ला यांपैकी काहीच नाही. २०१६च्या अधिनियमातील कलम ३० क्रीडाविषयक सहभागाबद्दल शासनावर जबाबदारी टाकते, पण दिवाणखान्यातील सतरंजीपर्यंत कायदा पोहोचत नाही. तेथे घरच्यांनाच कारागीर व्हावे लागते, आणि त्याला फारसा खर्च येत नाही. हस्तकलेच्या दुकानात मिळणाऱ्या थ्री-डी आउटलायनरने पटावरील रेषा गिरवल्या की वाळल्यावर त्या बोटाला लागतात. चार खेळाडूंच्या सोंगट्यांपैकी एकीला रबर बँड, दुसरीवर मखमली टिकली, तिसरीवर शर्टाचे बटण आणि चौथी तशीच, एवढ्यावरही काम भागते. सुरक्षित घरांवर पॉलिश पेपरचा तुकडा चिकटवावा. सुताराकडून प्लायवूडला भोके पाडून घेता आली तर ल्यूडो कायमचा स्थिर होतो.

फासा हा दुर्लक्षित पण कळीचा भाग. बाजारातील फाशांचे ठिपके खोलगट आणि रंग उडालेले असतात. ठिपके उंच असलेला, निदान अडीच-तीन सेंटिमीटरचा, पांढऱ्यावर काळा फासा हवा आणि तो उथळ ताटात टाकावा. ताटात दुसऱ्या रंगाचे फडके अंथरले की आवाजही बसतो आणि फासा शोधण्यासाठी सतरंजीवर हात फिरवत बसावे लागत नाही. दान किती पडले हे खेळणाऱ्याला स्वतः वाचता येणे यात गोडी आहे. दुसऱ्याने 'तुम्हाला चार पडले' असे सांगावे आणि सोंगटीही त्यानेच हलवावी, हा खेळ नव्हे. ती सोबत झाली.

सापशिडी दिसायला सोपी, पण रूपांतराला चिवट. शंभर घरांचे आकडे एका ओळीत डावीकडून उजवीकडे, तर पुढच्या ओळीत उलटे जातात. साप तिरपे पडून चार-पाच घरे झाकतात आणि नेमके कोणत्या घरात त्याचे तोंड आहे हे डोळसांनाही कधी कधी भांडून ठरवावे लागते. सुतळीचे साप आणि काड्यापेटीच्या काड्यांच्या शिड्या चिकटवता येतात, मात्र त्यांची संख्या निम्म्यावर आणली तरच पट वाचनीय राहतो. ओळीच्या टोकाला वळणाची उंच खूण ठेवली की दिशा चुकत नाही.

गंमत अशी, की जुन्या खेळांपैकी काही या परीक्षेत नव्यांपेक्षा सरस ठरतात. सारीपाटाचा पट कापडाचा. त्यावरची ९६ घरे पुष्कळदा भरतकामाने किंवा वेगळे कापड जोडून केलेली, म्हणजे बोटाला आपोआप जाणवणारी. कवड्यांचे दान ठिपके मोजून वाचावे लागत नाही. उपडी कवडी गोल लागते, उताणी पडलेल्या कवडीची दातेरी फट बोटाखाली येते. दक्षिणेकडील पल्लांगुळीत तर खळगे आणि चिंचोके यांखेरीज काहीच नसते, आणि चिंचोके मोजण्यासाठी बोटेच अधिक सोयीची. महाराष्ट्रातील लेण्यांत आणि किल्ल्यांवर दगडात कोरलेले खेळांचे पट सापडतात; त्यांची घरेही स्पर्शाने कळतात. हे सारे अधू नजरेसाठी केलेले नव्हते. छपाईच्या आधीचे पट हातांनी घडत आणि म्हणून हातांना कळत, एवढेच.

पत्त्यांचा प्रश्न निराळा आहे, कारण तेथे माहिती गुप्त ठेवायची असते. हातातले पान वाचता आले नाही आणि शेजाऱ्याला विचारावे लागले, तर डाव तेथेच फुटतो. म्हणूनच पत्त्यांच्या खेळांत मदतनीस बसवणे हा शेवटचा उपाय मानावा. मोठ्या अंकांचे कॅट मिळतात. त्यांतही चार रंगांचा कॅट असेल, म्हणजे इस्पिक काळे, किलवर हिरवे, बदाम लाल आणि चौकट निळी किंवा नारिंगी, तर आजींची मूळ अडचण बरीचशी सुटते. निळे-हिरवे वेगळे दिसत नसेल तर चौकटीसाठी नारिंगी घ्यावा. पाने हातात पंख्यासारखी धरण्याऐवजी खाच पाडलेल्या लाकडी पट्टीत सुटी सुटी उभी करावीत. दोन्ही हात मोकळे राहतात आणि हवे ते पान जवळ घेऊन पाहता येते. खाली टाकलेले पान प्रत्येकाने उच्चारून टाकण्याचा रिवाज ठेवावा. हा रिवाज सर्वांना सारखा लागू असावा. एकट्यासाठी म्हणून बोलायला लागले की त्याला त्याचे ओझे वाटू लागते.

'व्यापार' किंवा तत्सम खेळांत बारीक मजकुराच्या चिठ्ठ्यांचा भडिमार असतो. त्या १८ पॉइंट किंवा त्याहून मोठ्या, साध्या वळणाच्या ठळक टंकात, फिक्या कागदावर काळ्या शाईने पुन्हा छापून घेतल्या की निम्मे काम होते. मोबाइलच्या कॅमेऱ्याने चिठ्ठी मोठी करून वाचता येते, मात्र दर खेपेला तसे करायचे तर खेळ रेंगाळतो. नोटांचे आकार किमतीप्रमाणे कमी-जास्त कापले तर बँकर होण्याचा मानही अल्पदृष्टी असलेल्या खेळाडूला घेता येतो. स्क्रॅबलच्या काही महागड्या आवृत्त्यांत घरांना उंच कडा आणि खाली फिरता पाट असतो. तो केवळ सोयीसाठी दिलेला असला, तरी अक्षरे न सांडता पट आपल्याकडे वळवता येणे ही अधू नजरेची मोठी गरज त्यातून भागते.

काही खेळ मात्र दाद देत नाहीत. झटपट पाहून झडप घालण्याचे खेळ, चित्रांतील फरक ओळखण्याचे खेळ किंवा ज्यांत दर मिनिटाला पटाचे चित्र पालटते असे खेळ कितीही रंगवले तरी विषमच राहतात. त्यांत वेळेची मर्यादा काढली तर खेळाचा प्राणच जातो. अशा वेळी 'तुमच्यासाठी दोन खेळ्या जास्त' ही सवलत देण्यापेक्षा दुसरा खेळ काढावा. बरोबरीने हरण्याची मुभा नसलेल्या डावात कोणताच जाणता खेळाडू फार काळ बसत नाही.

केलेला बदल तपासण्याची वेळ आणि जागाही महत्त्वाची. भर दुपारी खिडकीशी मांडलेला पट उत्तम दिसतो आणि रात्री जेवणानंतर, जेव्हा घर खरोखर खेळायला बसते, तेव्हा तोच पट हरवतो. नव्या खुणा प्रथम एका कोपऱ्यातील चार-सहा घरांवर करून पाहाव्यात, आणि त्या ठेवायच्या की काढायच्या हे ज्याच्यासाठी केल्या त्यालाच ठरवू द्यावे. अनेकदा असे दिसते, की घरच्यांनी हौसेने लावलेल्या दहा खुणांपैकी सात तो काढून टाकायला सांगतो. फार खुणा झाल्या की बोटांनाही गर्दी होते.

काचबिंदूसारख्या विकारात दृष्टी पुढे आणखी घटू शकते. तेव्हा नजर शिल्लक असतानाच हाताने पट वाचण्याची सवय हळूहळू लावून घेतलेली बरी. एक डाव डोळ्यांनी, तर एक डोळे मिटून, असा सराव मुले आनंदाने करतात. मोठ्यांना थोडा आग्रह करावा लागतो.